उदयोन्मुख बाजारपेठा : पैसा येतो कशासाठी आणि राहतो किती?

आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांच्या बैठकीत अलीकडे ‘उदयोन्मुख बाजारपेठा’ हा शब्द वारंवार ऐकू येतो. पूर्वी तो मुंबईच्या दलाल स्ट्रीटपुरता होता. आता मालेगावच्या यंत्रमाग कारखान्यात, भिवंडीच्या गोदामात आणि रत्नागिरी-रायगडकडच्या दुबईकरांच्या घरांतही तो पोहोचला आहे. एखादा एजंट परदेशी बाजारात पैसा घालणाऱ्या फंडाचा फॉर्म घेऊन येतो. एखादा तरुण मोबाईलवर तुर्कस्तानच्या लिराचा भाव दाखवून ‘आता घेऊन ठेवा, वर जाणारच’ असे सांगतो. चार पैसे गाठीला बांधलेल्या माणसाला वाटू लागते की, जग कुठच्या कुठे चालले आहे आणि आपण मात्र सूत आणि मजुरी यांच्या हिशेबात अडकून पडलो आहोत. या वाटण्याचा आणि त्यामागच्या बाजाराचा थोडा हिशेब मांडणे जरुरीचे आहे.

प्रथम या नावाबद्दल. १९८१ साली जागतिक बँकेच्या परिवारातील इंटरनॅशनल फायनान्स कॉर्पोरेशन या संस्थेत काम करणारे अँटोइन व्हॅन आग्टमेल यांनी न्यूयॉर्कमध्ये काही मोठ्या गुंतवणूकदारांपुढे एक योजना ठेवली. गरीब देशांच्या शेअर बाजारांत पैसा घालणारा एक फंड काढावा, अशी ती योजना होती. त्यांनी फंडाचे नाव सुचवले ते ‘तिसऱ्या जगाचा’ फंड असे. योजना चांगली आहे, पण या नावाने ती कोणी विकत घेणार नाही, असे त्यांना सांगण्यात आले. तेव्हा त्यांनी नवा शब्द काढला, ‘इमर्जिंग मार्केट्स’. माल तोच, वेष्टन नवे. यात लबाडी होती असे आम्ही म्हणत नाही. पण हा शब्द माल विकणाऱ्याने बनवला आहे, त्या देशात राहणाऱ्याने नव्हे, एवढे ध्यानात ठेवावे.

बाहेरून येणारा पैसा एकाच जातीचा नसतो. एक पैसा शेअर, रोखे आणि बँकांच्या ठेवी यांत येतो. व्याजाच्या फरकासाठी किंवा भावाच्या चढउतारासाठी तो आलेला असतो आणि एका बटणासरशी परत जाऊ शकतो. दुसरा पैसा यंत्रे, साचे, कसब आणि गिऱ्हाईक घेऊन येतो. तो हलवायचा म्हटले तर कारखाना उखडून न्यावा लागतो. वर्तमानपत्रात दोघांना मिळून ‘परकीय गुंतवणूक’ म्हणतात, आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू होतो.

पहिल्या जातीच्या पैशाचे सर्वांत बोलके उदाहरण थायलंडचे आहे. त्या देशाचे चलन बाट अनेक वर्षे डॉलरला २५ च्या आसपास बांधून ठेवलेले होते. १९९३ मध्ये थाई सरकारने बँकांना परदेशातून डॉलर उचलून देशात कर्ज देण्याची खास सोय करून दिली. बाहेर डॉलर कमी व्याजाने मिळे, देशात बाटचे कर्ज जास्त व्याजाने जाई, आणि भाव बांधलेला असल्यामुळे मधला धोका कोणालाच दिसत नव्हता. बसल्या जागी फरक खिशात. अशा कमाईची चटक लागली की कारखाना चालवण्याचा त्रास कोण घेतो? पैसा गेला तो बँकॉकमधल्या इमारतींत, कार्यालयांत, गाळ्यांत, शेअर बाजारात. १९९६ पर्यंत देशाच्या परदेशी व्यवहारातली तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे आठ टक्क्यांवर गेली. इमारती रिकाम्या होत्या, पण कागदावर त्यांच्या किमती चढत होत्या.

२ जुलै १९९७ रोजी थायलंडने बाटला बांधलेली दोरी सोडली. तोवर भाव टिकवण्याच्या धडपडीत परकीय चलनाचा साठा जवळजवळ संपून गेला होता. जानेवारी १९९८ मध्ये एका डॉलरला पन्नासहून अधिक बाट मोजावे लागत होते. ज्याने दहा लाख डॉलर कर्ज घेतले होते त्याचे देणे अडीच कोटी बाटचे होते, ते त्याने काहीही चूक न करता पाच कोटींवर गेले. डिसेंबर १९९७ मध्ये सरकारने एका फटक्यात ५६ वित्त कंपन्या बंद केल्या. बँकॉकमधला शेअर बाजारात आणि इमारतींच्या धंद्यात वावरलेला एक बडा माणूस त्यानंतर रस्त्यावर सँडविच विकताना जगभरच्या वर्तमानपत्रांत झळकला. त्या माणसाबद्दल आम्हाला आदरच वाटतो. पण रस्त्यावर न झळकलेले किती शिंपी, सुतार, छोटे कंत्राटदार त्या वर्षी बुडाले, त्यांचे फोटो कोणी छापले नाहीत. डॉलरचे कर्ज त्यांनी घेतलेच नव्हते. त्यांच्या गिऱ्हाईकांनी घेतले होते.

आग शेजारी पसरली. इंडोनेशियात संकटाआधी डॉलरला सुमारे २,४०० रुपिया पडत, ते १९९८ मध्ये पंधरा हजारांच्याही पुढे गेले. दक्षिण कोरियासारख्या कारखानदार देशाला नाणेनिधीच्या दारात जावे लागले आणि तिथल्या लाखो लोकांनी देशाचे देणे फेडण्यासाठी घरातले सोने आणून दिले.

मलेशियाने मात्र वेगळी वाट धरली. पंतप्रधान महाथीर महंमद यांनी सप्टेंबर १९९७ मध्येच हाँगकाँगच्या परिषदेत चलनाचा व्यापार हा अनावश्यक आणि अनैतिक असल्याचे जाहीरपणे सांगितले होते. त्यावर पाश्चात्त्य वर्तमानपत्रे त्यांना हसली. १ सप्टेंबर १९९८ रोजी मलेशियाने नियम केला की शेअर बाजारात आलेला परदेशी पैसा एक वर्ष बाहेर नेता येणार नाही. दुसऱ्या दिवशी डॉलरला ३.८० रिंगिट असा भाव बांधला गेला. कारखान्यात घातलेल्या भांडवलाला आणि त्यावरील नफ्याला हात लावला नाही. पुढे फेब्रुवारी १९९९ मध्ये ही बंदी सैल करून तिच्या जागी कर बसवण्यात आला, आणि बांधलेला भाव जुलै २००५ पर्यंत टिकला. मलेशिया बुडाला नाही. म्हणून महाथीर यांचे सगळेच बरोबर होते असे मानण्याचे कारण नाही. चढत्या काळात तोच पैसा त्यांच्या सरकारने हौसेने बोलावला होता, आणि संकटात सरकारच्या जवळच्या बड्या कंपन्यांना सावरून घेतल्याची टीका त्यांच्यावर झाली ती निराधार नव्हती. पण राहायला आलेला पैसा आणि डोकवायला आलेला पैसा यांत फरक करता येतो, आणि कायद्यानेही करता येतो, हे त्यांनी दाखवून दिले.

आपल्या देशाची गंमत अशी की, रुपया भांडवली व्यवहारांसाठी पूर्ण मोकळा करावा असा अहवाल तारापोर समितीने १९९७ च्या मे अखेरीसच दिला होता. महिन्याभरात बाट कोसळला आणि तो अहवाल मागे पडला. भारत त्या वर्षी वाचला याचे श्रेय शहाणपणाला किती आणि उशिराला किती, हे ज्याचे त्याने ठरवावे.

त्यानंतर ही कहाणी नावे बदलून पुन्हा पुन्हा घडली आहे. मे २०१३ मध्ये अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने बाजारात ओतला जाणारा पैसा कमी करण्याचा नुसता विचार बोलून दाखवला, आणि ऑगस्ट अखेरीस रुपया डॉलरला ६८ च्या पुढे घसरला. ब्राझील, इंडोनेशिया, तुर्कस्तान आणि दक्षिण आफ्रिका यांच्याबरोबर भारताचेही नाव तेव्हा ‘नाजूक पाच’ देशांत घातले गेले. तुर्कस्तानात २०२१ च्या आरंभी डॉलरला साडेसात लिराही पडत नव्हते, डिसेंबरमध्ये भाव काही काळ १८ वर गेला. श्रीलंकेने एप्रिल २०२२ मध्ये परदेशी कर्जाचे हप्ते थांबवले. इजिप्तच्या पौंडाची किंमत मार्च २०२४ मध्ये एका दिवसात तिसऱ्या हिश्श्याहून अधिक उतरली. या देशांना माल पाठवणाऱ्या आपल्याकडील व्यापाऱ्यांना हे सांगायला नको. गिऱ्हाईक इमानदार असते, त्याला पैसे द्यायचेही असतात, पण त्याच्या बँकेकडे डॉलरच नसतो.

आता भारतात एक नवा बदल झाला आहे. ऑक्टोबर २०२४ या एका महिन्यात परदेशी संस्थांनी आपल्या शेअर बाजारातून ९० हजार कोटी रुपयांहून अधिक काढून घेतले. १९९७ सालच्या हिशेबाने बाजार भुईसपाट व्हायला हवा होता. तो उतरला, पण झोपला नाही. कारण त्याच महिन्यात देशातल्या छोट्या बचतदारांनी मासिक हप्त्यांच्या योजनांतून २५ हजार कोटींच्या वर पैसा घातला, आणि देशी फंड व विमा संस्था विकत घेत राहिल्या. तज्ज्ञ याला बाजाराची मजबुती म्हणतात. ती आहेही. पण याचा दुसरा अर्थही समजून घ्यावा. बाहेरचा पैसा चढ्या भावाला विकून निघाला तेव्हा घेणाऱ्याच्या जागी मास्तर, कारकून, दुकानदार उभा होता. दीर्घ मुदतीत त्याला नफा होईलही. मात्र सहा महिन्यांत मुलीचे लग्न किंवा सुताचे बिल असणाऱ्याने त्या रांगेत उभे राहू नये.

दुसऱ्या जातीच्या पैशाकडे वळू. इथे आपल्या कारागिरांना शिकण्यासारखे अधिक आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

१९७४ पासून श्रीमंत देशांनी कापड आणि तयार कपड्यांच्या आयातीवर देशवार कोटा लावला होता. कोरियाचा कोटा भरत आला. तिथल्या देवू कंपनीला कोटा नसलेला देश हवा होता. नव्याने स्वतंत्र झालेल्या बांगलादेशात तयार कपड्यांची निर्यात नावापुरतीच होती. नुरुल कादिर या माजी सनदी अधिकाऱ्याने चितगावला ‘देश गारमेंट्स’ नावाची कंपनी काढली आणि देवूशी करार केला. या करारात देवूने भागभांडवल घातले नाही. त्यांनी शिकवायचे, यंत्रे निवडून द्यायची, माल बाहेर विकून द्यायचा, आणि विक्रीच्या आठ टक्के रॉयल्टी व दलाली म्हणून घ्यायचे. १९७९ मध्ये ‘देश’ची १३० माणसे कोरियात पुसानच्या कारखान्यात सहा महिने राहून शिकून आली. त्यांत स्त्रियाही होत्या. १९८० मध्ये उत्पादन सुरू झाले तेव्हा पहिल्या वर्षाची निर्यात जेमतेम ५५ हजार डॉलरची होती. आपल्याकडचा मध्यम दर्जाचा व्यापारीही एवढ्याशा आकड्याला हसेल.

पुढे जे झाले ते कोणी ठरवून केलेले नव्हते. त्या १३० पैकी ११५ माणसे काही वर्षांत ‘देश’ सोडून गेली. कोणी स्वतःचा कारखाना काढला, कोणी दुसऱ्याच्या कारखान्यात गेला. मालकाच्या दृष्टीने हा तोटाच होता. देशाच्या दृष्टीने मात्र तेच बी होते. २०२४-२५ या वर्षात बांगलादेशाची तयार कपड्यांची निर्यात सुमारे ३,९०० कोटी डॉलरची झाली. आणि ज्या देवूने हे शिकवले तो अवाढव्य उद्योगसमूह स्वतः मात्र आशियाई संकटानंतर, १९९९ मध्ये, कर्जाच्या ओझ्याखाली कोसळला. शिकवलेले कसब चितगाव-ढाक्यात राहिले.

कसबाच्या जोडीला आणखी एक गोष्ट होती, आणि तिच्याकडे आपले लोक लक्ष देत नाहीत. बांगलादेशातल्या नव्या कारखानदाराजवळ कापड घ्यायला पैसा नव्हता. तेव्हा अशी सोय झाली की, परदेशी गिऱ्हाइकाने त्याच्या नावे उघडलेले लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे बँकेची हमीचिठ्ठी, त्याने आपल्या बँकेत ठेवायचे आणि त्याच्या आधारावर बँकेने कापड विकणाऱ्याच्या नावे दुसरी हमीचिठ्ठी द्यायची. एकीच्या पाठीला दुसरी. माल गेला, पैसे आले की आधी कापडवाल्याचे फिटले, उरले ते कारखानदाराचे. जोडीला आयात कापड जकात न भरता सरकारी देखरेखीखालच्या गोदामात ठेवण्याची मुभा मिळाली. या दोन सोयींमुळे ज्याच्याजवळ यंत्रे आणि माणसे होती पण गल्ला नव्हता, तोही निर्यातदार झाला. जमीन गहाण टाकायची पाळी आली नाही. गिऱ्हाइकाची ऑर्डर हेच त्याचे तारण.

या कौतुकाला दुसरी बाजू आहे आणि ती लपवणे योग्य नव्हे. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ साभार येथे राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि ११०० हून अधिक कामगार, बहुतांशी स्त्रिया, ठार झाल्या. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, तरी त्यांना कामावर बोलावण्यात आले होते. स्वस्त शर्टाची किंमत कोणी चुकवली हे त्या दिवशी जगाला दिसले. शिवाय एकाच धंद्यावर उभा असलेला देश राजकीय वादळात किती हलतो, तेही ऑगस्ट २०२४ च्या सत्तांतरानंतर पाहायला मिळाले. मे २०२५ मध्ये भारताने बांगलादेशी तयार कपड्यांना जमिनीवरच्या नाक्यांतून येण्यास मनाई करून फक्त न्हावा शेवा आणि कोलकाता ही दोन बंदरे ठेवली. त्याआधी एप्रिलमध्ये त्यांनी भारतीय सूत जमिनीमार्गे घेणे थांबवले होते.

मालेगाव-भिवंडीचा संबंध इथे येतो. आपला माग कोरे कापड विणतो. ते पाली, बालोतरा अशा ठिकाणी रंगायला आणि छापायला जाते. कपडा तिसऱ्याच ठिकाणी शिवला जातो आणि नाव चौथ्याचे लागते. मीटरमागे सर्वांत कमी पैसे सुरुवातीच्या टोकाला उरतात आणि तिथेच आपण बसलो आहोत. सुताचा भाव चढला की निर्यातीला दोष द्यायचा, ही यंत्रमागधारकांची जुनी तक्रार. तिच्यात तथ्य आहे, पण आपलेच सूत घेऊन दुसरा शर्ट विकतो, तो शर्ट आपण का विकत नाही, हा प्रश्न त्या तक्रारीत कधी येत नाही. मागावर चाळीस वर्षे काढलेला कारागीर परदेशी फंडात दोन लाख घालायला निघतो तेव्हा त्याला विचारावेसे वाटते की, त्याच दोन लाखांत मुलाला सहा महिने कापणी-शिलाई आणि रंगाई शिकायला पाठवले तर कोणता ‘परतावा’ जास्त? पुसानला गेलेल्यांनी याहून निराळे काय केले?

कोकणातल्या वाचकांचा प्रश्न वेगळा आहे. दिरहम डॉलरला ३.६७ च्या आसपास आणि सौदी रियाल ३.७५ ला बांधलेला आहे. रुपया उतरला की दुबईहून आलेल्या त्याच पगाराचे घरी जास्त रुपये होतात. मालेगावच्या मागवाल्याला रुपयाच्या घसरणीने रंग, रसायने आणि पेट्रोलियमवर चालणारे पॉलिएस्टर सूत महाग पडते, तेव्हा चिपळूणच्या घरात मात्र बरकत दिसते. ही बरकत भावाची आहे, कमाईची नाही. तिच्या भरवशावर घराचा मजला चढवण्याआधी, कुवेत-दुबईतली नोकरी किती वर्षांची आहे ते पाहावे.

आणि याच घरांच्या दारात ‘परदेशी बाजारातला हलाल नफा’ घेऊन येणारे लोक उभे असतात. २०१९ च्या जूनमध्ये बंगळुरूची आय मॉनेटरी अॅडव्हायझरी ही कंपनी बुडाली. सोन्याचा व्यापार, व्याज नाही, दरमहा नफा, असे तिचे बोलणे होते. हजारो ठेवीदारांत बहुतेक आपल्याच समाजाचे, त्यांत विधवा आणि निवृत्त माणसेही होती. प्रवर्तक दुबईला निघून गेला आणि जुलैमध्ये परतल्यावर दिल्लीत पकडला गेला. व्यापारात नफा आणि तोटा दोन्ही असतात, म्हणूनच तो व्यापार. दरमहा ठराविक रक्कम नियमाने देणारा माणूस व्यापार करतो आहे की नव्या ठेवीतून जुन्याला पैसे देतो आहे, हे विचारण्याचा हक्क ठेवीदाराला आहे. सेबीची नोंदणी आहे काय, पैसा कोणत्या खात्यात जातो, हिशेब कोण तपासतो, एवढे विचारल्यावर जो धर्माची भाषा काढतो त्याला चहा पाजून निरोप द्यावा.

ज्यांना खरोखर बाहेर माल पाठवायचा आहे त्यांच्यासाठी मुंबईची एक्स्पोर्ट क्रेडिट गॅरंटी कॉर्पोरेशन १९५७ पासून काम करते आहे. गिऱ्हाईक बुडाले किंवा त्याच्या देशात डॉलर अडकले तर ठरलेला हिस्सा भरून देणारा विमा ती उतरवते, आणि कोणत्या देशाचा धोका किती याची वर्गवारीही ठेवते. इजिप्त किंवा तुर्कस्तानचा सौदा करण्यापूर्वी ती वर्गवारी पाहणे हे मोबाईलवर लिराचा भाव पाहण्यापेक्षा कितीतरी उपयोगाचे आहे. एका हमीचिठ्ठीच्या पाठीला दुसरी देण्याची पद्धत भारतीय बँकांतही आहे, पण लहान गावातल्या शाखेत ती मागणारा कोणी येत नाही, म्हणून ती देणाराही नसतो. मालेगाव आणि भिवंडीच्या यंत्रमाग संघटना वीजदराच्या प्रश्नावर दरवर्षी मंत्रालयात जातात. पुढच्या खेपेला त्यांनी बँकांच्या अधिकाऱ्यांना आपल्या गावी बोलवावे, ऑर्डर हातात असलेल्या दहा-वीस शिलाई-रंगाईवाल्यांना त्यांच्यासमोर बसवावे आणि हीच सोय लेखी मागावी.